परदेशी बातमीदार आणि त्याचा वाटाड्या

पीटर वीअर यांचा 'द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली' हा चित्रपट १९८२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात पडद्यावर आला. क्रिस्टोफर कोच यांच्या १९७८ च्या कादंबरीवर बेतलेली ही कथा १९६५ च्या जकार्तात घडते. राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांची सत्ता एका बाजूला लष्कर आणि दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट पक्ष यांच्यात तोल सांभाळत उभी आहे आणि गरिबांच्या घरात तांदूळ नाही. अशा शहरात गाय हॅमिल्टन हा तरुण ऑस्ट्रेलियन रेडिओ बातमीदार नव्याने रुजू होतो. त्याच्या हाताशी एकही ओळख नसते. त्या ओळखी मिळवून देतो बिली क्वान, अर्धा चिनी, ठेंगणा छायाचित्रकार. कम्युनिस्ट नेते ऐदित यांची मुलाखतही बिलीमुळेच मिळते. ३० सप्टेंबरच्या रात्रीचा उठाव फसतो, लष्कर सूत्रे हाती घेते, आणि बंदुकीच्या दस्त्याने डोळा दुखावलेला गाय पट्टी बांधून विमान गाठतो. चार दशकांनंतर या चित्रपटाकडे वळण्याचे कारण त्याचे सौंदर्य एवढेच नाही. दुसऱ्या देशाची उलथापालथ परक्या बातमीदाराच्या नजरेतून सांगावी का, या वादात आजही पहिले उदाहरण म्हणून त्याचेच नाव निघते. तो वाद आज कुठे पोहोचला आहे, आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लोहारा-उमरगा पट्ट्याच्या १९४८ च्या अनुभवावर तो घासून पाहिला तर काय दिसते, हे इथे पाहायचे आहे.

वाद कसा उभा राहिला

१९८० च्या दशकात अशा चित्रपटांची रांगच लागली. १९८३ मध्ये निकाराग्वावरचा 'अंडर फायर', १९८४ मध्ये कंबोडियावरचा 'द किलिंग फील्ड्स', १९८६ मध्ये 'साल्वादोर'. व्हिएतनाम युद्धाने पाश्चात्त्य बातमीदाराला एक नवे नैतिक वजन दिले होते. सरकार खोटे बोलते आणि छायाचित्रकार खरे दाखवतो, ही समजूत तेव्हा पक्की झाली होती. निकाराग्वात जून १९७९ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीचा बातमीदार बिल स्टुअर्ट याला सरकारी सैनिकाने कॅमेऱ्यासमोर गोळी घातली, तेव्हा बातमीदार साक्षीदारापुरता न राहता कथेतले पात्रही झाला. रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी' हाही १९८२ चाच. त्यात धारासण्याचा मिठाचा सत्याग्रह आपण व्हिन्स वॉकर या अमेरिकन बातमीदाराच्या डोळ्यांनी पाहतो. वॉकर काल्पनिक आहे, पण त्याच्यामागे युनायटेड प्रेसचे वेब मिलर हे खरे नाव आहे. २१ मे १९३० रोजी मिलर धारासण्यात हजर होते. त्यांची बातमी आधी अडवली गेली, मग बाहेर पडली आणि जगभरच्या हजारावर वृत्तपत्रांत छापून आली.

या सगळ्यांत वीअर यांचा चित्रपट वेगळा ठरतो तो वायांग या जावातल्या छायाबाहुल्यांच्या खेळामुळे. या खेळातल्या बऱ्याच कथा महाभारताच्याच आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पडद्यामागचा दिवा आणि पुढे हलणाऱ्या सावल्या परक्या वाटणार नाहीत. जावाच्या परंपरेत शिखंडीची श्रीकांडी होते आणि ती अर्जुनाची पत्नी असते. शिवाय तिथे अर्जुनाला सेमार नावाचा एक सेवक आहे. दिसायला बेढब, बोलायला विनोदी, पण मुळात देव. बिली गायला या तिघांची ओळख करून देतो आणि चित्रपटाची किल्ली तिथेच आपल्या हाती येते. गाय हा अर्जुन आहे, त्याची प्रेयसी जिल श्रीकांडी, आणि बिली स्वतः सेमार. नायक एक आणि जाणता दुसराच, ही मांडणी चित्रपटाने उघडपणे केलेली आहे. पुढच्या वादात दोन्ही बाजूंनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे मला वाटते.

पहिली भूमिका: माणसे पार्श्वभूमी होतात

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सोपे नाही आणि ते झटकून टाकण्यासारखे तर अजिबात नाही. १९६५–६६ मध्ये इंडोनेशियात किमान पाच लाख माणसे मारली गेली असे अभ्यासक मानतात. काहींच्या मते आकडा दहा लाखांपर्यंत जातो. हे हत्याकांड मुख्यतः ऑक्टोबर १९६५ नंतरच्या महिन्यांत झाले, म्हणजे गायचे विमान उडाल्यानंतर. विमानतळाच्या वाटेवर एक गोळीबार ओझरता दिसतो, एवढाच त्याचा पडद्यावरचा हिस्सा. गायचा इंडोनेशियन सहायक कुमार हा कम्युनिस्ट पक्षाचा माणूस. जखमी गायला विमानतळावर तोच पोहोचवतो. पुढे काय होणार हे कुमारला ठाऊक आहे, प्रेक्षकालाही आहे, पण चित्रपट त्याच्याबरोबर मागे थांबत नाही. त्यात भर म्हणजे पात्रयोजना. चित्रीकरण फिलिपाइन्समध्ये झाले, कुमारची भूमिका बेंबोल रोको या फिलिपिनो नटाने केली, आणि बिली क्वान हा पुरुष लिंडा हंट या गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीने उभा केला. त्यासाठी तिला ऑस्करही मिळाले. तिच्या अभिनयाची ताकद आजही कमी होत नाही. पण आशियाई माणसाची आंतरिक बाजू दाखवायला आशियाई नट मिळू नये, हा प्रश्नही तसाच उरतो.

याच भूमिकेचा एक भाग इतिहासाचा आहे. चित्रपटात कम्युनिस्टांसाठी चीनमधून शस्त्रे येत असल्याची खबर कथानकाला वेग देते. त्यामुळे लष्कराचा पलटवार ही एका येऊ घातलेल्या संकटाची प्रतिक्रिया वाटू लागते. जॉन रूसा यांचे २००६ चे आणि जेस मेल्विन यांचे २०१८ चे संशोधन वेगळे चित्र उभे करते. फसलेला उठाव हे निमित्त होते आणि कत्तलीमागे लष्कराचे संघटन होते, असे ते पुराव्यांनिशी मांडतात. वीअर यांच्यासमोर १९८२ मध्ये ही कागदपत्रे नव्हती, हे मान्य. पण बातमीदाराला जेवढे कळले तेवढ्याच खिडकीतून इतिहास पाहिला की बातमीदाराची चूक प्रेक्षकाचीही होते, हा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही.

दुसरी भूमिका: परका नसता तर काहीच नसते

बचाव करणारे विचारतात, मग ही कथा सांगितली कुणी असती? स्थानिकांनी सांगावी, हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटते. पण स्थानिक म्हणजे कोण? इंडोनेशियात १९६५ वर स्थानिक चित्रपट निघाला होता. अरिफिन नूर यांनी दिग्दर्शित केलेला, राजवटीच्या पाठिंब्याचा हा साडेचार तासांच्या आसपासचा चित्रपट १९८४ मध्ये आला. दरवर्षी ३० सप्टेंबरला तो दूरचित्रवाणीवर लागे आणि शाळकरी मुलांना तो पाहावा लागे. त्यात कम्युनिस्टांचे क्रौर्य होते, लाखोंची कत्तल नव्हती. लष्करशहा सुहार्तो १९९८ मध्ये पायउतार होईपर्यंत हा क्रम चालला, आणि वीअर यांच्या चित्रपटावरची बंदीही त्यानंतरच उठली. देशातला माणूस बोलत होता, पण तो राज्यकर्त्यांच्या बाजूने बोलत होता. अशा काळात परक्याची अर्धवट साक्षही मोलाची ठरते. वेब मिलर यांच्या बातमीलाही हेच लागू आहे. १९३० च्या एप्रिलमधल्या प्रेस वटहुकुमाने भारतीय छापखान्यांवर जामिनाची टांगती तलवार ठेवली असताना धारासण्याची बातमी जगापर्यंत नेणारा माणूस अमेरिकन होता, हा योगायोग नव्हता.

ही भूमिका मला पटते, पण धारासण्याचे उदाहरण तिला वाटते तेवढा आधार देत नाही. सत्याग्रहाची रचनाच साक्षीदार धरून केलेली असते. मार खाणारा उघड्यावर, भर दिवसा, रांगेत पुढे जातो. पाहणारा कुणी तरी असावा ही त्याची अपेक्षा असते. तिथे बातमीदार आला की तो आंदोलनाच्या योजनेतच बसतो. कत्तलीचे उलट असते. ती रात्री होते, गावाबाहेर होते, आणि पाहणाऱ्याला दूर ठेवण्यावरच टिकते. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरने या दोन्ही टोकांशिवायची तिसरी परिस्थितीही पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा देशोदेशीचे कॅमेरे या भागातल्या गावांत पोहोचले. कारण भूकंप लपवण्यात कुणाचाही फायदा नव्हता. म्हणून परका साक्षीदार चांगला की वाईट, हा प्रश्न असा सरसकट सोडवता येत नाही. जी घटना पाहिली जावी असे वाटते तिथे तो पुरतो. जी घटना लपवायची आहे तिथे त्याला दाराच्या आत नेणारा, आणि तो गेल्यावरही मागे राहणारा कुणी तरी लागतो.

वाटाड्या हाच निकष

या चित्रपटांचे मोल बातमीदारावर ठरवू नये, त्याच्या वाटाड्यावर ठरवावे, असे माझे म्हणणे आहे. भाषा, ओळखी, धोका कुठे आहे याची जाण, हे सारे वाटाड्याकडून येते आणि किंमतही तोच मोजतो. चित्रपट त्याचे ज्ञान वापरून त्याला सोडून देतो, की त्याच्याबरोबर थांबतो, हे पाहिले की वर मांडलेल्या दोन भूमिकांतला पेच बराच सुटतो. 'द किलिंग फील्ड्स' याच कारणाने उजवा ठरतो. न्यूयॉर्क टाइम्सचे सिडनी शॅनबर्ग फ्नोम पेन्हमधून बाहेर पडतात, पण कॅमेरा त्यांचे सहकारी डिथ प्रान यांच्याबरोबर ख्मेर रूजच्या श्रमछावणीत जातो आणि चित्रपटाचा मोठा भाग तिथेच राहतो. ही भूमिका करणारे हाइंग न्गोर स्वतः त्या छळातून वाचलेले डॉक्टर होते. २०१७ चा कोरियन चित्रपट 'अ टॅक्सी ड्रायव्हर' आणखी एक पाऊल पुढे जातो. मे १९८० मधल्या ग्वांगजूच्या दडपशाहीचे चित्रीकरण जर्मन कॅमेरामन युर्गेन हिंट्झपीटर यांनी केले. जांग हून यांनी चित्रपट काढला तो त्यांना सोलहून तिथे घेऊन गेलेल्या टॅक्सीवाल्यावर. परदेशी माणूस तिथे मागच्या आसनावर बसतो, शब्दशः आणि कथेतही.

या निकषावर वीअर यांचा चित्रपट कुठे बसतो? बिलीच्या बाबतीत तो उत्तीर्ण होतो. तॉलस्तॉयला छळणारा प्रश्न, आपण करायचे तरी काय, हा बिलीचा आहे, गायचा नाही. ज्या झोपडीतल्या मुलाला तो मदत करत असतो ते मूल मरते. मग सुकार्णोंनी आपल्या लोकांना खायला घालावे असा फलक तो हॉटेलच्या खिडकीतून सोडतो आणि त्याची किंमत प्राणाने देतो. कुमारच्या बाबतीत मात्र चित्रपट नापास होतो. दोन वाटाड्यांपैकी ज्याची बाजू पाश्चात्त्य प्रेक्षकाला कळण्यासारखी होती, त्याला मरणाचा मान मिळाला. जो पक्षाचा कार्यकर्ता होता, त्याला निरोपही धड मिळाला नाही.

यावर दोन हरकती येतील. पहिली अशी की नायकाला शहाणपण यावे म्हणून मरणारा सोबती हाही एक घासून गुळगुळीत झालेला साचा आहे. सेवकाचे कौतुक करून मालकाची कथा चालूच राहते. हरकत खरी आहे. म्हणूनच वाटाड्याच्या मृत्यूपेक्षा त्याच्या पुढच्या आयुष्याला किती जागा मिळते, हे मी महत्त्वाचे मानतो. प्रान यांची छावणीतली वर्षे त्यामुळेच वजनदार ठरतात. दुसरी हरकत अशी की वाटाड्या तटस्थ नसतो. कुमार कम्युनिस्ट, बिली भाबडा सुकार्णोभक्त. मग त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले खरे कसे? पण तटस्थ तर परका बातमीदारही नसतो. त्याची बाजू त्याच्या पासपोर्टात असते. वाटाड्याची बाजू निदान उघड असते आणि प्रेक्षक ती लक्षात घेऊन निवाडा करू शकतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेल्या, जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) बातमीदार आणि वाटाड्या ही दोन्ही माणसे एकच झाली आहेत. निळू फुले यांचा दिगू टिपणीस बातमीदारही आहे आणि त्या जगाचा रहिवासीही. त्याला गाठायला विमान नाही. शेवटी त्याचा तोल सुटतो तो याच कारणाने, आणि मराठी पडद्यावर बातमीदाराचे इतके प्रामाणिक चित्र पुन्हा क्वचितच आले.

उस्मानाबाद, १९४८

आता लोहाऱ्याकडे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मुख्य फळी सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आली; नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडले, पुढे त्याच वाटेवर उमरगा. लोहारा त्या रस्त्याच्या उत्तरेला, फार लांब नाही. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. जगाला या संस्थानाची ओळख होती ती निजामाच्या संपत्तीमुळे. १९३७ च्या फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले होते. १९४८ मध्ये प्रकरण सुरक्षा परिषदेत गेले. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रे आणत होता. उद्या कुणी परदेशी निर्माता या विषयावर चित्रपट काढू लागला, तर तयार नायक म्हणून त्याला कॉटन सापडेल, आणि नळदुर्गची बोरी नदी त्याच्या विमानाखालून ओझरती दिसेल. पहिल्या भूमिकेची भीती निराधार नाही ती यासाठीच.

जमिनीवरचा इतिहास मात्र एका रेषेत बसत नाही. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याच्या संघटनेने सीमेवरच्या गावांत केलेले अत्याचार, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने उभारलेला लढा, ही मराठवाड्याच्या स्मृतीची मुख्य धार आहे. अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांच्या लेखनाने ती जपली. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या 'मराठवाडा' पत्रावर निजामाने बंदी घातली, तेव्हा ते नावे बदलून संस्थानाबाहेरून निघत राहिले. दुसरी धार, 'पोलीस कारवाई' म्हटल्या गेलेल्या या लष्करी मोहिमेनंतरची आहे. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालाने मुस्लिमांच्या हत्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव लिहिले. रझाकारांचे गुन्हेही त्यात नोंदलेले आहेत. सरदार पटेल या मंडळावर तीव्र नाराज झाले. अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही; २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात वाचकांना पाहता येऊ लागला. त्याच वर्षी ए. जी. नूरानी यांचे पुस्तक आले, पुढे टेलर शेर्मन आणि सुनील पुरुषोत्तम यांचे संशोधन. आकड्यांवर एकमत नाही. एका धारेचे लोक म्हणतात की दुसरी धार उगाळल्याने मुक्तिलढ्याचे तेज झाकोळते. दुसरीकडचे म्हणतात की पहिलीच्या आड दुसरी दडपली गेली. मला दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे अशक्य वाटत नाही, आणि त्यातले कुठलेही दुसऱ्याला खोटे पाडत नाही.

या दोन्ही धारांना जोडणारा माणूस इतिहासात आहे. शोएबुल्ला खान, हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. मुसलमान असून त्यांनी रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांचा खून झाला. राजकीय उलथापालथीतल्या बातमीदाराची गोष्ट सांगायची तर गाय हॅमिल्टनची इथे गरजच नाही. पण मग देशी माणसाने सांगितले की प्रश्न मिटला, असेही नाही. २०१५ चा मराठी आणि २०२४ चा तेलुगू असे 'रझाकार' नावाचे दोन चित्रपट आले. नावातच त्यांचा केंद्रबिंदू आहे. उलट तेलंगणाच्या शेतकरी लढ्यावरचा 'मा भूमी' कृष्ण चंदर यांच्या उर्दू कादंबरीवरून गौतम घोष या बंगाली दिग्दर्शकाने काढला. भाषा त्यांची नव्हती. निर्माते बी. नरसिंग राव आणि गदर यांच्यासारखे तिथलेच सोबती होते, म्हणून परक्याच्या हातून मातीतली गोष्ट उभी राहिली. दिग्दर्शकाच्या जन्मगावापेक्षा त्याचा वाटाड्या कोण, हे इथेही निर्णायक ठरले.

काय उरले आहे

उस्मानाबादच्या १९४८ वर असा चित्रपट काढायचा तर पहिली अडचण साक्षीदारांची आहे. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषांत ऐकून घेणारा वाटाड्या लागेल, कारण या पट्ट्यात एकाच गावाची आठवण तीन भाषांत वाटली गेली आहे. रझाकारांनी जाळलेले घर आणि त्यानंतर ओस पडलेली गल्ली एकाच चित्रपटात कशी मावेल, कुठल्या क्रमाने दाखवली की एक दुसऱ्याचे समर्थन ठरणार नाही, हाही प्रश्न आहे. क्रम हा चित्रपटात युक्तिवादच असतो. वीअर यांच्या शस्त्रांच्या जहाजाने ते दाखवून दिले आहे.

दुसरी अडचण नावाची आहे आणि तिच्यावर कुणाकडेच तयार उत्तर नाही. ग्वांगजूला नेणाऱ्या टॅक्सीवाल्याचे किम सा-बोक हे नाव हिंट्झपीटर यांना ठाऊक होते, पण त्यापलीकडे त्याचा मागमूस नव्हता. ते २०१६ मध्ये वारले तोवर त्यांना तो सापडला नाही. चित्रपट आल्यावर मुलगा पुढे आला, तेव्हा किम सा-बोक कोण होते हे लोकांसमोर आले, आणि ते १९८४ मध्येच वारल्याचे कळले. कोरियात तोवर लोकशाही रुजली होती, म्हणून नाव घेणे हा सन्मान ठरला. २०१२ च्या 'द ॲक्ट ऑफ किलिंग'मध्ये जोशुआ ओपनहायमर यांच्याबरोबर काम केलेल्या इंडोनेशियन सहदिग्दर्शकाचे आणि अनेक तंत्रज्ञांचे श्रेय मात्र 'अनामिक' असेच द्यावे लागले, कारण १९६५ चे मारेकरी अजून गावागावांत वजनदार होते. उमरगा-लोहारा भागात आज त्या काळातल्या दोन्ही बाजूंच्या घरांची नातवंडे एकाच बाजारपेठेत दुकाने चालवतात आणि एकाच शाळेत मुले घालतात. तिथे श्रेयनामावलीत साक्ष देणाऱ्याचे नाव, आणि पडद्यावर गावाचे नाव, घालायचे की नाही, हे दिग्दर्शकाने ठरवावे की त्या गावाने, यावर या क्षेत्रात अजून एकमत झालेले नाही.